हिरव्या टोप्या नकोत, गावची माणसं बोलवा : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
स. न. वि. वि.

वार्षिक संमेलनाचं नवं पत्रक मिळालं. दुपारचा ‘गावची गाणी, गावच्या गोष्टी’ हा भाग त्यातून गायब आहे आणि त्या जागी एका इव्हेंट कंपनीची ‘आयरिश संध्या’ आली आहे. हिरव्या टोप्या, नकली लाल दाढ्या, नाचाचा ताफा आणि मुलांना सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी. मी कार्यवाहांना ईमेल पाठवली. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. ही गोष्ट नुसती नोंदवहीत पडून राहावी असं मला वाटत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. मंडळाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. आयर्लंडात मराठी माणसं आता लहान लहान गावांपर्यंत पोचली आहेत, मंडळंही एकाहून जास्त आहेत. ज्यांना हे लागू पडेल त्यांनी ते आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

मी कोण हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. काउंटी क्लेअरमधल्या एका खेड्यात राहते, जवळच्या वृद्धाश्रमात नर्स आहे. तो दुपारचा भाग मीच आखला होता, तोही तुमच्याच सांगण्यावरून. तीन माणसांच्या घरी जाऊन, चहा पिऊन, रीतसर आमंत्रणं दिली होती. एक आमच्या गावचे निवृत्त पोस्टमन. वय ऐंशीच्या पुढे, पंचक्रोशीतली कवनं तोंडपाठ, स्वतःही जुळवतात. दुसऱ्या शेजारच्या पॅरिशमधल्या, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतल्या, शेतकरी आजी. लोणी काढताना म्हणायच्या ओळी, दाढदुखीचे मंत्र, कोडी, हवामानाचे ठोकताळे असं बरंच त्यांच्यापाशी आहे. तिसऱ्या ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या पिढीजात भटक्या समाजातल्या एक गायिका. या तिघांना ‘येऊ नका’ असं कळवायचं काम तुम्ही माझ्याकडे सोपवलं आहे. ते मी केलेलं नाही आणि करणारही नाही.

बैठकीत कोणती कारणं पुढे आली ते मला सदस्यांकडूनच कळलं. ती एकेक करून घेते.

पहिलं कारण असं की ही म्हाताऱ्या माणसांची जुनी बडबड, यातून मुलांना काय मिळणार.

हे वाक्य जगात कुठेही चालेल, आयर्लंडात चालू नये. कारण या देशाने आपल्या लोकसाहित्याचा फार मोठा साठा मुलांकडूनच गोळा करून घेतला आहे. १९३५ मध्ये सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग नेमला. जेम्स डिलार्गी त्याचे संचालक होते. पगारी संग्राहक मोजके, पैसा त्याहून कमी, आणि म्हातारी माणसं तर रोज जात होती. मग १९३७ मध्ये शिक्षण खातं आणि प्राथमिक शिक्षकांची संघटना यांना बरोबर घेऊन शाळांची योजना सुरू झाली. वरच्या वर्गातल्या, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी निबंधाच्या तासाला ‘माझा आवडता ऋतू’ लिहिण्याऐवजी घरच्या, शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं लिहून आणायचं. शॉन ओ’सुलिवन यांनी शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली. तिच्यात ५० हून अधिक विषय होते. गावची लोहारशाळा, पवित्र विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधं, गावचे रस्ते, लग्नाच्या चालीरीती, दारावर येणारी भटकी माणसं. आणि त्या यादीत ‘गावचे कवी’ असाही एक विषय होता. म्हणजे गाव म्हटलं की तिथे कवी असणारच, हे या देशाच्या शिक्षण खात्याने धरूनच चालवलं होतं.

१९३९ पर्यंत सुमारे ५,००० शाळांमधल्या ५० हजारांवर मुलांनी मिळून जे लिहिलं ते सुमारे ७,४०,००० पानं भरतं. उत्तर आयर्लंड त्यात आलं नाही, मोठ्या शहरांतल्या शाळांनाही वगळलं होतं. हा सगळा ठेवा खेड्यातल्या पोरांचा. आयोगाच्या १९३५ ते १९७० या काळातल्या संग्रहाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत जागा मिळाली. शाळांच्या वह्या आज ‘डूखस’ या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. आमच्या गावच्या शाळेच्या वह्या मी तिथे वाचल्या. शाईचे डाग, घोटवलेलं अक्षर, मधूनच शुद्धलेखनाची वाट, आणि मजकुराजवळ लिहिणाऱ्या मुलाचं नाव, त्याची वाडी, कोणाकडून ऐकलं त्याचं नाव, वय, पत्ता. त्यातली आडनावं आजही आमच्या गावातल्या फाटकांवर आणि दफनभूमीतल्या दगडांवर आहेत. आपली मुलं त्याच शाळेत, त्याच आडनावांच्या मुलांशेजारी बसतात. तेव्हा मुलांना काय मिळणार याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

कुणी असंही म्हणालं की आयरिश भाषा आपल्याला कुठे कळते. क्लेअरपुरतं बोलायचं तर हा प्रश्न उद्भवतच नाही. १९५६ मध्ये आयरिशभाषक प्रदेशाच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या तेव्हा ही काउंटी बाहेर राहिली, आणि पुढे इथले जुने आयरिश बोलणारेही संपले. आमच्याकडची आजची कवनं इंग्रजीतच आहेत. उच्चार मात्र कान देऊन ऐकावे लागतात.

दुसरं कारण, कार्यक्रम रेंगाळेल. यावर मी फार लिहिणार नाही. कॉनेमारातल्या कार्ना भागात एमन बर्क नावाचे एक शिंपी होते. त्यांच्याकडून उतरवून घेतलेली एकच कथा ३०,००० हून जास्त शब्दांची आहे. आमच्या पोस्टमननी पंधरा मिनिटं मागितली होती. त्यांना पंधरा मिनिटं नाहीत आणि मान्यवरांच्या सत्काराला पाऊण तास आहे, हे पत्रकावरच छापलेलं आहे.

तिसरं कारण जरा सुशिक्षित आहे. कविताच हवी असेल तर येट्सची वाचू, असं एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं. जरूर वाचू. पण येट्स आणि त्यांच्या लेखिका मैत्रीण लेडी ग्रेगरी स्वतः गॉलवेच्या खेड्यांत फिरून म्हाताऱ्यांना काय विचारत होते? अँथनी रॅफ्टरीबद्दल विचारत होते. रॅफ्टरी मेयोत जन्मलेला, लहानपणी देवी येऊन आंधळा झालेला, फिडल घेऊन गॉलवेच्या गावांतून हिंडणारा माणूस. १८३५ मध्ये वारला. त्याने स्वतः काही लिहिलं नाही, गाणी लोकांनी तोंडी सांभाळली. ती पुढे डग्लस हाइड यांनी माणसामाणसांकडून मिळवून छापली, आणि हेच हाइड १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. बॅलिलीच्या मेरी हाइन्सच्या रूपावर रॅफ्टरीने गाणं केलं होतं. त्याच बॅलिलीतला जुना बुरूज येट्सनी १९१७ मध्ये विकत घेतला आणि दुरुस्त करून राहायला गेले. म्हणजे आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा कवी ज्या दारात शिकायला उभा होता, ते दार आपण लावून घेतो आहोत.

रॅफ्टरीचंच दुसरं गाणं बघा. १८२८ च्या सप्टेंबरात अनाडाउनहून माणसं आणि मेंढरं घेऊन एक नाव गॉलवेच्या जत्रेला निघाली आणि कॉरिब सरोवरात बुडाली. एका मेंढराचा पाय तळाच्या फळीतून आरपार गेला असं सांगतात. गाण्यात अकरा पुरुष आणि आठ बायका बुडाल्या आहेत, आणि रॅफ्टरी त्यांची नावं घेत, सरोवराला शाप देत रडतो. वर्तमानपत्र त्या गावांत पोचत नव्हतं, पोचलं तरी वाचणारे कमी. मेलेल्यांची बातमी, श्राद्ध आणि स्मारक असं सगळं त्या एका गाण्याने निभावलं. अजूनही ते गायलं जातं, आणि गाणाऱ्याला नावांचा क्रम चुकवून चालत नाही.

गावच्या कवनाचा जीव तिथेच असतो. कोण, कोणाचा, कुठल्या वाडीचा, कोणत्या वळणावर. १७७३ मध्ये कॉर्कमधल्या कॅरिगनिमाजवळ आर्ट ओ’लीरी गोळी लागून मेला. तेव्हाच्या कायद्याने कॅथलिकाला पाच पौंडांहून किमती घोडा ठेवता येत नव्हता, आणि मॉरिस नावाच्या स्थानिक मॅजिस्ट्रेटने आर्टची घोडी त्याच भावात मागितली होती. आर्टची बायको आयलीन हिचा विलाप आज आयरिश भाषेतल्या थोर कवितांमध्ये गणला जातो. त्याचं आपल्यापर्यंत येणं हे मिलस्ट्रीटकडच्या नॉरी सिंगलटन या बाईचं देणं आहे. मयताघरी विलाप म्हणायला जाणारी ही बाई. तिने तो पाठ ठेवला होता, १८०० च्या आसपास तिच्या तोंडून तो कागदावर उतरला. अशा बाया मयताला बोलावू नयेत म्हणून चर्चने वर्षानुवर्षं दबाव आणला. नॉरीला कुणी दारातूनच परत पाठवलं असतं तर ती कविता आज आपल्याला मिळाली नसती.

आणि सगळं काही शोकाचंच नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की संमेलनात रडारड नको. केरी आणि कॉर्ककडे ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नसत. पण समुद्रातल्या स्केलिग बेटावरच्या जोग्यांचं पंचांग म्हणे जुनं, तिथे लेंट उशिरा लागायचा. मग मुदत संपेपर्यंत बिनलग्नाचे राहिलेले गावचे बाप्ये आणि बाया ‘आता स्केलिगला जा’ म्हणून चिडवले जायचे. कोणाची होडी कोणाबरोबर, कोण आधी चढणार, कोण उलटी करणार, याच्या यमकं जुळवलेल्या याद्या हातोहात फिरायच्या, कॉर्क शहरात तर छापूनही विकल्या जायच्या. लिहिणाऱ्याचं नाव कधी नसायचं, कारण असतं तर त्याला मार पडला असता. आपल्या शिमग्यासारखाच प्रकार, दिवसही जवळपास तेच. पोस्टमननी अशा धाटणीचं एक चिडवणारं कवन आपल्या मंडळासाठी तयार ठेवलं आहे. कोणाकोणाची नावं घालू हे त्यांनी मला विचारलं होतं. मी काही नावं दिली आहेत. आता कुणाची ते सांगत नाही.

चौथं कारण. ‘त्या समाजातली बाई नको, उगाच कुणी काही बोललं तर?’

या मुद्द्यावर माझा राग सर्वांत जास्त आहे. अपशब्द वापरायचे नाहीत असं ठरवून बसले आहे, म्हणून सावकाश लिहिते. १९६० च्या दशकात टॉम मनेली हे संग्राहक रॉसकॉमनमधल्या बॉइल गावात जॉन रायली या ट्रॅव्हलर गायकाला भेटले. रायली हलाखीत राहत होते, १९६९ मध्ये वारले. जे जुनं कथागीत जिवंत गळ्यातून ऐकायला मिळण्याची आशा अभ्यासकांनी जवळजवळ सोडली होती, ते या माणसाला येत होतं. आज आयर्लंडातल्या मोठमोठ्या गायकांच्या तोंडी असलेली काही गाणी थेट रायलींकडून आलेली आहेत. मनेली पुढे आमच्याच काउंटीत, मिल्टाउन मॅल्बेत येऊन राहिले आणि शेवटपर्यंत गाणी जमवत राहिले. शाळांच्या त्या यादीत ‘भटकी माणसं’ हा विषय उगाच नव्हता. कल्हई करायला, भांडी सांधायला येणाऱ्या या लोकांबरोबर एका काउंटीचं गाणं दुसऱ्या काउंटीत जायचं. १ मार्च २०१७ रोजी देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून ट्रॅव्हलरांना वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता दिली. सरकारला उशीर झाला, पण झालं. आपण जातपात गावाकडे सोडून आलो असं मंडळाच्या व्यासपीठावरून दर गणपतीत ऐकते. मग या बाईंना वगळण्याचा ठराव कोणत्या मुद्द्याखाली झाला, ते इतिवृत्तातून वाचून दाखवावं.

पाचवं कारण सर्वांत लहान वाक्यात सांगितलं गेलं. ‘त्यांच्या गावच्या गाण्यांशी आपला काय संबंध?’

माझा आहे. माझ्यावर कवन आहे.

इथे नवी आले तेव्हा रात्रपाळी संपवून नकाशा दाखवणाऱ्या फोनच्या भरवशावर निघाले आणि पीट, म्हणजे दलदलीतली जळणाची माती, वाहून नेण्याच्या कच्च्या रस्त्यावर शिरले. रस्ता जिथे संपतो तिथे गाडी बॉगमध्ये, म्हणजे त्या दलदलीत, रुतली. ओढायला तीन ट्रॅक्टर आले, आणि कोणत्या दिशेने ओढायचं यावर तीन मतं. त्या वादात सकाळ गेली. पुढच्या रॅम्ब्लिंग हाउसला, म्हणजे एकेकाच्या घरी किंवा हॉलमध्ये जमून गाणी-गोष्टी म्हणायच्या रात्री, पोस्टमननी त्यावर बारा कडव्यांचं कवन म्हटलं. त्यात मी साडी नेसलेली आहे. प्रत्यक्षात अंगावर नर्सचा गणवेश होता, पण कवीला साडी हवी होती. पुण्याचं ‘पूना’ झालं आहे, कारण त्याला ‘सूनर’ जुळतं. तिन्ही ट्रॅक्टरवाल्यांची खरी नावं आहेत, आणि त्यातला एकजण माझ्याशी अजून जरा तुटक बोलतो, कारण कवनात त्याचा दोर तुटतो. दुकानात, बसमध्ये, वृद्धाश्रमात नव्याने दाखल झालेल्या माणसाच्या खोलीत माझी ओळख त्या कवनावरून करून दिली जाते. माझी मुलगी २६ डिसेंबरला गावच्या पोरांबरोबर तोंडाला रंग फासून रेन पक्ष्याची गाणी म्हणत घरोघर पैसे मागायला जाते. पाखरांचा राजा झुडपात सापडला, द्या काहीतरी, असं ते मागणं. तिला कुणी ‘तुझा काय संबंध’ असं विचारलेलं नाही. हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो आपल्या मंडळाने.

आता स्मरणिकेकडे वळते, कारण संध्याकाळच्या हिरव्या टोप्या तिथूनच आल्या आहेत. गेल्या अंकात ‘आयर्लंडच्या लोककथा व लोककविता’ म्हणून आठ पानं होती. एकाही गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, काउंटीसुद्धा नाही. ‘प्राचीन सेल्टिक आशीर्वाद’ म्हणून सोनेरी चौकटीत छापलेल्या ओळी भेटकार्डांवर असतात त्याच. लेप्रकॉन, म्हणजे इथल्या गोष्टींतला बुटका, हिरव्या कोटात इंद्रधनुष्याखाली बसला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत तो बऱ्याचदा लाल कोटात दिसतो, एकटा राहणारा चिडका चांभार आहे, आणि वेगवेगळ्या भागांत त्याची नावंही वेगळी आहेत. इतकं तर संपादकांना अर्ध्या तासात कळलं असतं.

याच अंकात पुढे जात्यावरच्या ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका दिला आहे. छान केलंत. म्हणजे रीत ठाऊक आहे, ती फक्त आपल्या बायांसाठी राखून ठेवली आहे.

शिवाय त्या आठ पानांत सगळं गोड आहे. पंखवाल्या पऱ्या, चांदण्या, फुलं. इथल्या शेतकऱ्याच्या मनातले ‘ते लोक’ असे नाहीत. त्यांचं नावही सरळ घेत नाहीत. ‘त्यांची’ वस्ती मानले जाणारे जुने गोल मातीचे कोट देशात ४० हजारांच्या वर आहेत, आणि त्यातले कित्येक शाबूत राहिले ते त्यांना नांगर लावायची छाती कुणाला झाली नाही म्हणून. १९९९ मध्ये आमच्या काउंटीत लाटूनला नव्या रस्त्याच्या आखणीत एक एकुटवाणं काटेरी झाड येत होतं. एडी लेनिहान या कथाकारांनी वर्तमानपत्रातून जाहीर इशारा दिला की ही त्या लोकांची जमायची जागा आहे, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. झाड राखून रस्ता झाला. येता-जाता तुम्हीही ते पाहिलं असेल, फक्त कुणी दाखवलं नसेल.

आणि याची काळी बाजूही आहे. १८९५ मध्ये टिपररीत ब्रिजेट क्लिअरी या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं, ही माझी बायको नव्हे, तिच्या जागी ‘त्यांनी’ ठेवलेली दुसरीच कुणी आहे, असं म्हणत. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. पुढे मुलांनी त्यावर खेळगाणं केलं, तू चेटकीण की परी, की मायकल क्लिअरीची नवरी अशा अर्थाचं. पाच वर्षांच्या मुलांना हे सांगा असं मी म्हणत नाही. पण मोठ्या माणसांसाठी छापलेल्या आठ पानांत चांदण्यांशिवाय काहीच नसेल तर ते या गावांबद्दल खोटं बोलणं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दुपारचा भाग पूर्ववत करावा, त्याच तीन माणसांसह. तिघांना अध्यक्षांच्या सहीचं पत्र जावं. मानधन द्यावं. नको म्हणतील, तरी द्यावं, पाहुण्या गायकांना देतो तेवढंच. इव्हेंट कंपनीचा नाच रात्री खुशाल ठेवा, मुलांना मजा येईल, मीही पाहीन. फक्त त्याला पत्रकात ‘आयरिश लोककला’ म्हणू नका.

स्मरणिकेची ती आठ पानं संकेतस्थळावरून उतरवावीत. पुढच्या अंकात इथली एकच गोष्ट छापा, एकच कवन छापा, पण कोणी सांगितलं, कुठे, केव्हा, हे त्याखाली असू द्या, आणि सांगणाऱ्याची परवानगी घेतलेली असू द्या.

मंडळाच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना ‘डूखस’च्या कामात बसवावं. २०१५ पासून तिथे स्वयंसेवक जुन्या वह्यांतली हस्तलिखित पानं वाचून टंकित करतात. इंग्रजी पानंही पुष्कळ आहेत. प्रत्येक मुलाने आपण राहतो त्या गावच्या शाळेचं एक पान घ्यावं. खर्च शून्य.

आणि त्या दुपारचं ध्वनिमुद्रण व्हावं, तिघांची हरकत नसेल तर. आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवायचे. वहीत लिहून झालं की पैसे वाचवायला तेच नळकांडं तासून पुन्हा वापरायचे. शब्द राहिले, कितीतरी आवाज असे तासले गेले. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मुद्रणाची एक प्रत गाणाऱ्याला आणि त्याची इच्छा असेल तर एक एनिसच्या काउंटी ग्रंथालयातल्या स्थानिक इतिहास विभागाला द्यावी. समाजमाध्यमांवर तुकडे टाकण्याआधी विचारावं.

उत्तर मला ईमेलवर नको. संमेलनाआधीच्या सर्वसाधारण सभेत द्यावं, इतिवृत्तात यावं.

तिघांची आमंत्रणं मी कायम धरली आहेत. मंडळाचा हॉल मिळाला नाही तर त्याच दिवशी दुपारी दोन वाजता आमच्या गावच्या पॅरिश हॉलमध्ये हा कार्यक्रम होईल. हॉल सांगून ठेवला आहे. तिकीट नाही. चहा आणि सोडा ब्रेड शेजारीण करते आहे, चिवडा मी आणते. सभासदांनी मुलांना घेऊन यावं, आणि गाडी चर्चच्या मागे लावावी, दुकानासमोर नको.

कळावे,
आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
काउंटी क्लेअर